त्या किल्ल्या जगभरातून आल्या होत्या

लाल धाग्यांच्या जाळ्यातून लोंबणाऱ्या असंख्य किल्ल्या आणि खाली दोन जुन्या लाकडी होड्या. ‘२०११ च्या त्सुनामीत गेलेल्यांच्या घरांच्या किल्ल्या, जपानी श्रद्धेनुसार त्यांचे आत्मे यात राहतात’ अशा ओळींसह हा फोटो सध्या फिरतो आहे. हे खरं नाही.

ही चित्रशिल्पकार नव्हे तर वस्तूंच्या मांडणीतून कलाकृती घडवणाऱ्या जपानी कलाकार चिहारू शिओता यांची, २०१५ च्या व्हेनिस बिएनाले या इटलीतल्या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनातली, जपानच्या दालनातली मांडणी. ओसाकात जन्मलेल्या शिओता बर्लिनमध्ये राहतात. किल्ल्या जगभरच्या सामान्य लोकांनी आपणहून दिल्या होत्या. रोज हातात खेळणारी, घर आणि माणसं राखणारी ही वस्तू. वापरणाऱ्याच्या आठवणी तिच्यात साठतात, हा शिओतांचा विचार. जवळची माणसं गमावल्याचं दुःख त्यामागे आहे, पण ते त्यांचं स्वतःचं.

वस्तूंविषयीची जपानी श्रद्धाही मृतांच्या आत्म्यापुरती नाही. हारी-कुयो या विधीत मोडलेल्या सुया मऊ तोफूत (सोयाबीनच्या पनीरात) खोचून त्यांचे आभार मानतात. तोक्योच्या आसाकुसा भागात तो ८ फेब्रुवारीला होतो. मला हे फार हृद्य वाटतं. इथे आदर खुद्द सुईचा, तिने केलेल्या कामाचा.

फोटो जरूर पाठवा, खालच्या ओळी मात्र काढून टाका. त्सुनामीत खरोखर घरं गमावलेली माणसं आजही हयात आहेत.