बसमधला हंटा: मेसेजमध्ये खरं किती, जोडलेलं किती

मार्च २०२० मध्ये, टाळेबंदी लागत होती त्याच आठवड्यात, एक मेसेज ग्रुपाग्रुपांवर फिरला. चीनमध्ये युन्नानहून शांडोंगला कामावर निघालेला एक माणूस बसमध्ये दगावला, तपासणीत हंटाव्हायरस निघाला, बसमधल्या बाकी ३२ जणांचीही तपासणी झाली. एवढी बातमी खरी होती. पुढे ज्याने त्याने आपलं शेपूट जोडलं: चीनचा नवा विषाणू, उंदीर खाल्ल्याने होतो, कोरोनासारखा पसरणार, शंभरातले ३८ मरणार.

नवा? कोरियन युद्धात १९५१ ते ५३ दरम्यान संयुक्त राष्ट्रांच्या फौजेतले तीन हजारांहून जास्त सैनिक याच विषाणूने आजारी पडले. ताप, रक्तस्राव, मूत्रपिंडं निकामी. कारणाचा माग लागायला १९७६ उजाडलं. ली हो-वांग या कोरियन शास्त्रज्ञाला हा विषाणू शेतातल्या उंदराच्या फुफ्फुसात सापडला. आपल्याकडे वेल्लोरजवळ तर १९६४ मध्येच एका चिचुंद्रीत याच कुळातला विषाणू मिळाला होता. त्याचं कूळ नंतर कळलं, इतकंच.

उंदीर खाण्याची गोष्ट कुणी घुसडली कोण जाणे. लागण झालेल्या उंदराचं मूत्र, लेंड्या, लाळ वाळते, धुळीत मिसळते आणि ती धूळ श्वासावाटे आत जाते, हा मुख्य मार्ग. १९९३ मध्ये अमेरिकेत न्यू मेक्सिको आणि ॲरिझोनाच्या भागात धडधाकट तरुण दम लागून बघता बघता दगावले. सुरुवातीचे रुग्ण नवाहो आदिवासी. लगेच ‘नवाहो फ्लू’ असं नाव पडलं, लोक त्यांच्यापासून चार हात लांब राहू लागले. खरं कारण आभाळात होतं: एल निनोमुळे पाऊस आणि बर्फ भरपूर, पिन्योन नावाच्या पाइन झाडाच्या बिया भरघोस, म्हणून डिअर माउस नावाचे उंदीर बेसुमार. अशा वर्षी उंदीर वाढतात आणि मागोमाग आजार येतो, हे नवाहोंमधली जाणती माणसं सांगतच होती. पुढे २०१२ मध्ये अमेरिकेतल्याच योसेमिटी उद्यानात पर्यटकांच्या तंबूंच्या दुहेरी भिंतींत उंदरांनी बिऱ्हाड केलं. १० जण आजारी, ३ मृत्यू. उंदीर ताटात नव्हता, भिंतीत होता.

म्हणूनच बंद पडलेला माळा किंवा गोदाम उघडल्या उघडल्या केरसुणी फिरवणं हीच चूक. आधी दारं-खिडक्या उघडून अर्धा तास बाहेर थांबायचं. मग हातमोजे घालून लेंड्यांवर पाण्यात कालवलेलं ब्लीच शिंपडायचं, पाच मिनिटं मुरू द्यायचं आणि ओलं असतानाच कागदाने टिपून घ्यायचं. व्हॅक्यूम क्लीनरही नको, त्यानेही धूळ उडते.

माणसाकडून माणसाला? इथे मेसेज अगदीच खोटा नाही. दक्षिण अमेरिकेतला अँडीज विषाणू तसा पसरतो. अर्जेंटिनातल्या एपुयेन गावात नोव्हेंबर २०१८ मध्ये तापाने फणफणलेला एक माणूस शंभरेक पाहुण्यांच्या वाढदिवसाला जेमतेम दीड तास बसला. तिथून पाच जणांना लागण झाली. साथ संपेपर्यंत ३४ रुग्ण, ११ मृत्यू. रुग्ण आणि त्यांच्या संपर्कातले लोक वेगळे ठेवल्यावरच ती आटोक्यात आली. पण हा विषाणू बाळगणारा उंदीर चिली-अर्जेंटिनाकडचा. चीनमध्ये आढळणारे हंटा असे पसरत नाहीत, त्यामुळे बसमधल्या सहप्रवाशांवरून कोरोनाचं भाकीत करण्यात अर्थ नव्हता.

३८ टक्क्यांचा आकडाही उचलेगिरीचा. तो अमेरिकेत हंटामुळे होणाऱ्या फुफ्फुसांच्या आजाराचा. आशिया-युरोपात हंटामुळे होणाऱ्या मूत्रपिंडांच्या आजारात मृत्यूचं प्रमाण विषाणूनुसार १ ते १५ टक्के.

आपल्याकडे उंदरांच्या मुताची धास्ती घ्यायचीच तर लेप्टोची, म्हणजे त्या मुतातून पाण्यात उतरणाऱ्या जिवाणूंनी होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची घ्यावी. जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईने ती साथ पाहिली आहे. तुंबलेल्या पाण्यातून चालून आलात, त्यात पायाला जखम असेल, तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांना दाखवून डॉक्सिसायक्लीन या प्रतिजैविकाचं विचारा.