प्रोबेट गेलं, निदान नोटीस तरी राहू द्या

बाबा 2014 च्या पावसाळ्यात गेले. काही महिन्यांनी कॅलिफोर्नियातल्या फ्रिमाँटच्या आमच्या घरी मुंबईहून वकिलांचं जाड पाकीट आलं. आत मृत्युपत्राची प्रत, प्रोबेटच्या (म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचं कोर्टाकडून प्रमाणित करून घेण्याच्या) अर्जाची प्रत आणि माझ्या संमतीच्या प्रतिज्ञापत्राचा मसुदा. पार्ल्याची जागा बाबांनी दादाच्या नावे केली होती. शेवटची सहा वर्षं दादा-वहिनीनेच त्यांचं सगळं केलं, त्यामुळे मला त्यात काही वावगं वाटलं नाही. पण ते मृत्युपत्र मी तेव्हा पहिल्यांदाच वाचत होते. खाली बाबांची तिरकी सही आणि दोन साक्षीदार, दोघंही त्यांच्या ऑफिसातले जुने मित्र. मी सॅन फ्रान्सिस्कोच्या भारतीय वकिलातीत जाऊन प्रतिज्ञापत्रावर सही केली आणि ते परत पाठवलं.

ते पाकीट आलं, कारण कायद्याने ते पाठवणं भाग होतं. डिसेंबर 2025 मध्ये संसदेने भारतीय उत्तराधिकार कायद्यातलं 213 वं कलम काढून टाकलं, तेव्हापासून हेच माझ्या मनात घोळतंय.

हे कलम 1925 च्या कायद्यातलं. हिंदू, बौद्ध, शीख, जैन किंवा पारशी माणसाचं मृत्युपत्र मुंबई, कोलकाता किंवा चेन्नईत केलेलं असेल, किंवा तिथल्या स्थावर मालमत्तेबद्दल असेल, तर प्रोबेट घेतल्याशिवाय त्याच्या आधारे कोर्टात हक्क सांगता येत नसे. पुण्याच्या फ्लॅटचं पुण्यात केलेलं मृत्युपत्र या सक्तीत येत नव्हतं. मुसलमानांना ती नव्हतीच आणि ख्रिश्चनांची 2002 मध्ये उठली. इंग्रजांच्या तीन इलाखा शहरांचा हा वारसा शंभर वर्षं टिकला, आणि तो धर्म बघून लागू होत होता. तो गेला हे योग्यच झालं. भांडण नसलेल्या घरांतही वकिलाची फी, कोर्ट फी, मालमत्तेचं मूल्यांकन आणि तारखा या सगळ्यातून जावं लागे. सत्तरीच्या विधवेने नवऱ्याच्याच घरासाठी दोन-दोन वर्षं थांबायचं, याला न्याय म्हणवत नाही.

मुंबईतल्या माझ्या बहुतेक नातेवाइकांना सुटका झाल्यासारखं वाटतंय. ते मला समजतं. मात्र ‘प्रोबेट म्हणजे नुसता इंग्रजी कागद’ असं जे बोललं जातंय, ते मला पटत नाही.

प्रोबेट म्हणजे हे मृत्युपत्र खरं आहे असा कोर्टाचा शिक्का. तो एकदा लागला की सगळ्यांवर बंधनकारक असतो. साक्षीदार हयात असतानाच, त्यांना आठवतंय तोवर, सही सिद्ध होते. प्रोबेट न घेता दादाने जागा नावावर करून घेतली असती आणि पंधरा वर्षांनी कुणी चुलत नातेवाईक हरकत घेऊन उभा राहिला असता, तर ती सही सिद्ध करायला कोण येणार होतं? बाबांचे ते दोन्ही मित्र आता नाहीत.

आणि दुसरी गोष्ट नोटिशीची. कोर्ट जवळच्या वारसांना बोलावतं. हरकत असेल तर वारस कॅव्हेट, म्हणजे हरकतीचा अर्ज, दाखल करतो आणि मग त्या अर्जाचा दावा होतो. मुंबईत चालणाऱ्या व्यवहारात समुद्रापलीकडच्या लेकीची दखल घ्यायला लावणारी ही एकच जागा होती. माझा दादा सरळ माणूस आहे, त्याने मला एरवीही कळवलं असतं. पण लेक परदेशात सुखात आहे, तिला कशाला विचारायचं, असं म्हणणारी घरं मी जवळून पाहिली आहेत.

इथे कॅलिफोर्नियात प्रोबेटबद्दल कुणी चांगलं बोलत नाही, आणि त्याला कारण आहे. वकिलाची फी इथे कायद्यातच टक्केवारीने ठरलेली असते: पहिल्या एक लाख डॉलरवर 4 टक्के, पुढच्या एक लाखावर 3, त्यापुढच्या आठ लाखांवर 2, मग 1. आमच्या ओळखीच्या एक काकू सत्तरच्या दशकात इथे आल्या होत्या. त्या गेल्या तेव्हा घराची किंमत 12 लाख डॉलर धरली गेली, म्हणजे वकिलाचे 25 हजार. व्यवस्थापक म्हणून काम करणाऱ्यालाही तेवढीच फी घेता येते. घरावर कर्ज असलं तरी हिशोब पूर्ण किमतीवरच होतो. वर्तमानपत्रात तीनदा सूचना, ज्यांचं देणं बाकी आहे त्यांना दावा सांगायला चार महिने, आणि सगळी फाइल कुणालाही बघायला खुली. पहिल्याच महिन्यात काकूंच्या मुलाला घर विकत घेऊ इच्छिणाऱ्या अनोळखी लोकांची पत्रं येऊ लागली.

म्हणून इथले लोक जिवंतपणीच घर ट्रस्टच्या नावे करतात. ट्रस्ट असला की कोर्टाची पायरी चढावी लागत नाही. पण भारतातल्या चर्चेत मला कुठेच न दिसलेली गोष्ट इथे आहे. ट्रस्ट करणारा गेला की 60 दिवसांच्या आत ट्रस्टीने सर्व लाभार्थ्यांना आणि सर्व कायदेशीर वारसांना लेखी कळवावं लागतं. ज्याला त्यात एक दमडीही मिळणार नाही, त्या वारसालासुद्धा. त्या नोटिशीनंतर आव्हान द्यायला साधारणपणे 120 दिवस मिळतात. म्हणजे कॅलिफोर्नियाने कोर्ट टाळायची मुभा दिली, कळवण्यातून मात्र कुणाला सोडलं नाही.

गावच्या सातबाऱ्यालासुद्धा हे शहाणपण आहे. फेरफार नोंद धरली की तलाठी नोटीस काढतो आणि हरकतीला 15 दिवस असतात. फेरफाराने मालकी सिद्ध होत नाही, हे खरं. पण निदान विचारणा होते.

मुंबईच्या फ्लॅटचं आता काय होणार? महाराष्ट्राच्या सहकारी संस्था कायद्यात 2019 पासून 154ब-13 हे कलम आहे. नॉमिनी तात्पुरता सभासद होतो, आणि मृत्युपत्र, वारस प्रमाणपत्र किंवा कुटुंबातल्या वाटणीचा कागद बघून जागा वारसाच्या नावे होते. प्रोबेटची सक्ती गेल्यावर मृत्युपत्र खरं की खोटं हे बघायचं ओझं सोसायटीच्या सेक्रेटरीवर येतं. तो बिचारा बँकेतून निवृत्त झालेला सज्जन माणूस. सही पारखणं हे त्याचं काम नाही, आणि वारस किती व कुठे आहेत हे त्याला कळणार कसं? दोन स्थानिक वर्तमानपत्रांत जाहीर सूचना दिली, तरी फ्रिमाँटला किंवा मेलबर्नला ती कोण वाचणार?

माझं मागणं मोठं नाही. मृत्युपत्रावरून जागा नावावर करण्याआधी अर्जदाराने सगळ्या कायदेशीर वारसांची नावं-पत्ते शपथेवर द्यावेत. सोसायटीने प्रत्येकाला मृत्युपत्राची प्रत स्पीड पोस्टाने आणि ईमेलने पाठवावी, आणि चार महिने थांबावं. बँकांनी आणि डीमॅट खात्यांनीही तेच करावं. यासाठी ना न्यायाधीश लागतो, ना टक्केवारीची फी. राज्य सरकारने मनात आणलं तर त्याच 154ब-13 मध्ये ही भर घालता येईल.

प्रोबेट आजही बंद झालेलं नाही, हे अनेकांच्या लक्षात आलेलं नाही. सक्ती गेली आहे. हवं असेल त्याला अर्ज करता येतो.

गेल्या महिन्यात दादरच्या मावशीचा फोन आला. वय 84, मूलबाळ नाही, जागा एका भाच्याला द्यायची आहे. आम्ही भाचरं सात जण, त्यातले चौघं देशाबाहेर. “आता कोर्टात जायला नको म्हणे. बरं झालं ना गं?” तिने विचारलं. मी तिला म्हटलं, “मावशी, तू मृत्युपत्र कर, साक्षीदार तुझ्यापेक्षा वयाने खूप लहान घे, आणि शेवटी आम्हा सातही जणांचे पत्ते लिही. तुझ्यामागे त्याला प्रोबेट घ्यायला सांग. नोटीस आली की मी संमतीची सही करीन.” तिने वही-पेन आणायला सांगितलं आणि फोनवरच एकेकाचा पिनकोड विचारायला सुरुवात केली.