उजवा गाल, डावा गाल

मागच्या महिन्यात रामबागेत पुतण्याची मुंज होती. पंगतीत माझ्या डाव्या हाताला मामी, उजव्या हाताला आत्या. मामी श्रीखंडाचं बोट चाटत म्हणाली, "कॉलेजात होतास तस्साच आहेस रे अगदी!" मी लाजून मान खाली घातली, तोच उजवीकडून आत्या म्हणाली, "बरं नाही का रे तुला? केवढा उतरलायस!"

दोघींनाही चष्मा आहे, त्यामुळे आधी सगळं नंबरावर ढकललं. घरी येऊन मात्र आरशासमोर एकदा असा, एकदा तसा उभा राहिलो. डावा गाल ठीकठाक. उजव्या डोळ्याच्या कोपऱ्यापासून थेट कानापर्यंत, न इस्त्री केलेल्या धोतरासारख्या चुण्या. गालावर तपकिरी डाग, भाजलेल्या पापडावर यावेत तसे.

डॉक्टरीणबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "गाडी स्वतः चालवता?"

चालवतो. इंदूर ते देवास, रोज जाऊन-येऊन, 22 वर्षं. देवासला सरकार नोटा छापतं, माझ्या वाट्याला सुरकुत्या आल्या.

बाईंनी फोनवर एक फोटो दाखवला. 69 वर्षांचा अमेरिकन ट्रकचालक, 28 वर्षं ट्रक हाकलेला. 2012 साली मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेला. चेहऱ्याची उजवी बाजू मुलाची, डावी बापाची. "तिकडे स्टिअरिंग डावीकडे असतं," बाई म्हणाल्या, "तुमचं उजवीकडे."

काच वर करून, एसी लावून मी इतकी वर्षं ऊन टाळतोय अशी माझी समजूत होती. टाळत होतो ते फक्त भाजणं. उन्हातल्या अतिनील किरणांपैकी त्वचा भाजणारे यूव्हीबी काच बरेचसे अडवते, पण यूव्हीए बाजूच्या काचेतून बिनटोल आत येतात, कातडीत खोल उतरतात आणि तिला ताणून धरणारं कोलॅजेन कुरतडत बसतात. पुढच्या काचेत दोन थरांमध्ये प्लॅस्टिकचा पडदा असतो, तो पुष्कळ वाचवतो. बाजूच्या साध्या काचेला तो नसतो.

घरी येऊन नकाशा काढला आणि डोक्याला हात लावला. देवास इंदूरच्या ईशान्येला. सकाळी जाताना सूर्य पूर्वेला, म्हणजे उजव्या हाताला. संध्याकाळी नैऋत्येकडे तोंड करून परतावं, तर तो तोवर पश्चिमेला पोचलेला, म्हणजे पुन्हा उजव्याच हाताला! बारा महिने हेच. डाव्या गालावर त्याने कधी ढुंकूनही पाहिलं नाही.

बाकीची चौकशीही झालीच. सिगारेट नाही, हे मी छाती काढून सांगितलं. झोप? सोनारांची दुकानं बंद झाल्यावर इंदूरच्या सराफ्यात रात्रीचा खाऊबाजार उघडतो, आता याला माझा काय इलाज? गोड? ज्या गावात सकाळी पोह्यांसोबत जलेबी येते, तिथे हा प्रश्न विचारणं म्हणजे नदीला पाणी पिता का विचारण्यासारखं. जास्तीची साखर म्हणे कोलॅजेनला चिकटते आणि ते ताठर होतं. म्हणजे पाक एकतारी की दोनतारी, हे आता आतूनही बघायचं.

मग सनस्क्रीन. दोन बोटांवर पट्टी काढून चेहऱ्याला आणि मानेला, आणि उन्हात असेपर्यंत दर दोन तासांनी पुन्हा. पहिल्या दिवशी अंदाज चुकला. टोलनाक्यावरचा पोरगा खिडकीत वाकून बघत राहिला आणि अगदी काळजीने म्हणाला, "भिया, मुँह पे आटा लग गया है." त्याच्यासमोर पुसलं, पुढे आरशात बघून परत लावलं. मे महिन्यात घामाने ते डोळ्यांत उतरलं. ऑफिसात पोचलो तर साहेब म्हणाले, "घरी सगळं ठीक आहे ना?"

शेवटी रविवारी मी हिच्यासमोर उपाय मांडला. "घर देवासला हलवू, नोकरी इंदूरला बघतो. मग दोन्ही वेळा सूर्य डावीकडे. स्टिअरिंगपासून ती खिडकी लांब आहे, म्हणून जरा वेळ लागेल, पण 25-30 वर्षांत दोन्ही गाल बरोबरीला येतील."

हिने पोह्यांवर शेव भुरभुरली, जलेबीची बशी माझ्या हातापासून दूर सरकवली आणि म्हणाली, "त्यापेक्षा पंगतीत आत्यांना डावीकडे बसवा."