चेनप्लेट आहे ती, मोरी नाही!

काल माझ्या शिडाच्या बोटीच्या स्टारबोर्डच्या, म्हणजे उजव्या बाजूच्या चेनप्लेटवरची पट्टी काढली आणि डोकंच फिरलं. (चेनप्लेट म्हणजे डोलकाठीला बाजूने ताणून धरणारी तार, श्राउड, जिथे अडकते तो डेकमधून खाली जाणारा स्टेनलेसचा तुकडा.) आधीच्या मालकाच्या मिस्त्रीने पांढरं सिलिकॉन नुसतं कडेने बोटाने ओढलेलं. पट्टीखाली सिलिकॉनचा थेंब नाही! नखाने उचकटलं तर सबंध रेघ एका दमात हातात आली. स्क्रूड्रायव्हर टोचला तर डेकच्या फायबरमधला बाल्सा, म्हणजे आतलं हलकं लाकूड, काळा, कुजलेला, पिळला तर पाणी गळेल असा. आणि तो सिलिकॉनचा तेलकट अंश असा चिकटून बसतो, की त्यावर ना रंग धरत, ना दुसरं सीलंट. घासा किती घासायचं ते!

चिडून नागदेवीच्या हार्डवेअर बाजारात सीलंट घ्यायला गेलो. दुकानदार एक ट्यूब पुढे करून म्हणे, "मरीन आहे साहेब, सगळ्याला चालतं." कसलं सगळ्याला? पॉलिसल्फाइड सीलंट सागवानावर उत्तम, पण तेच खिडकीच्या ॲक्रिलिकला लावलं की ॲक्रिलिक तडकतं. ट्यूब उलटी करून बघितली तर तारीख केव्हाच उलटलेली. हवेतल्या दमटपणावर घट्ट होणारा माल आहे हा, आणि ठेवलाय मुंबईत! विचारलं तर म्हणतो, "दाबून बघा ना, मऊ आहे." ब्युटाइल टेप, म्हणजे मऊ चिकट रबराची पट्टी, मागितली तर पत्र्याच्या छपराला लावायची डांबराची पट्टी पुढे केली. वर मलाच सांगतो, तेच ते.

नाही, तेच ते नाही! ब्युटाइल कधी सुकून कडक होत नाही, ताणली तरी धरून राहते, आणि मुख्य म्हणजे पुन्हा उघडता येते. हेच तर हवंय. पण धक्क्यावरच्या जाणकारांना कोण सांगणार? "५२०० लाव, जन्माची कटकट मिटली." ५२०० म्हणजे कायमचं चिकटणारं पॉलियुरेथेन सीलंट, ते तळाच्या जोडाला लावा हो खुशाल. चेनप्लेट उघडून बघायची वस्तू आहे. स्टेनलेस झालं म्हणून काय, ओलाव्यात हवेवाचून कोंडलं की खाचेतून गंजतं. वर चकचकीत, खाली चकचकीत, आणि डेकच्या जाडीतल्या नेमक्या त्या इंचभरात चिरलेलं. ती तुटली की श्राउड सुटली, श्राउड सुटली की डोलकाठी आडवी, आणि खाली कॉकपिटमध्ये आपली माणसं बसलेली असतात!

आणि ते वरून बोल्ट फिरवणारे! अरे, बोल्ट धरून ठेवा आणि खालून नट आवळा. भोकाला वरून जरा खोलगट कड द्या, म्हणजे टेपची कडी तिथे बसते. मग दोन-चार दिवस थोडं थोडं आवळत जायचं, उन्हात टेप बाहेर येत राहते ती कापायची. एवढंच काम. पण धीर कुणाला आहे? ड्रिल लावायचं, घर्रकन फिरवायचं, पैसे घ्यायचे, चालू पडायचं.

आता सगळा कुजका बाल्सा खरवडा, भोक मोठं करा, इपॉक्सी भरा, ते वाळू द्या, पुन्हा भोक पाडा, तेव्हा कुठे टेप. तेही पाऊस तोंडावर आलेला असताना. त्या एका सिलिकॉनच्या ट्यूबपायी!