कंबोडियात तुमचं कोण असतं?

वीस डॉलरच्या नोटेवर बॉलपेनने लिहिलेला आकडा कशाने जातो, हे कोणाला ठाऊक असेल तर कृपया सांगा. नेलपॉलिश रिमूव्हर, लिंबू, खोडरबर हे मैत्रिणींनी सुचवून झालं आहे. त्यातलं काहीही मी करणार नाही. शाई जाऊन नोटेला भोक पडलं तर तिची आहे तेवढीही पत राहायची नाही. आणि मी जिथे निघाले आहे तिथे नोटेची पत भलतीच महत्त्वाची असते.

कंबोडिया. तिथलं अंगकोर वाट नावाचं देऊळ बघायचं हे माझं जुनं खूळ. विमानाची तिकिटं, व्हिसा, हॉटेल हे सगळं मी घरबसल्या केलं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. नवऱ्याने "तू ठरव, मी येतो" एवढा भार उचलला. राहता राहिले डॉलर. तिथलं चलन रिएल, साधारण चार हजार रिएलचा एक डॉलर. पण पर्यटकांचे व्यवहार सर्रास डॉलरमध्येच होतात. फक्त नोट फाटकी, डागाळलेली किंवा खरडलेली असली की ती परत आपल्या हातात येते. चिकटपट्टी लावलेली नोट रिक्षावाल्याला अंधारात देऊन झपाझप जिना चढणाऱ्या समाजात मी वाढले आहे. त्यामुळे या गोष्टीचं मी फारच मनावर घेतलं.

म्हणून परवा नौपाड्यातल्या एका मनी चेंजरकडे गेले. काउंटरवरच्या मुलाने पासपोर्ट, पॅन कार्ड, तिकीट, व्हिसा यांच्या झेरॉक्स घेतल्या, जिथे जिथे मोकळी जागा दिसली तिथे माझ्या सह्या घेतल्या आणि नोटांची गड्डी पुढे सरकवली. मी एकेक नोट ट्यूबलाइटखाली धरून बघायला लागले. एकीचा कोपरा उडालेला. एकीवर कुठल्याशा सावकाराने मारलेला बारीकसा जांभळा शिक्का.

"ही बदलून द्या. हीसुद्धा."

"मॅडम, भाजी निवडताय का?" मुलगा म्हणाला.

मी त्याला काही बोलणार, तेवढ्यात मागच्या सोफ्यावरून आवाज आला, "न्यू जर्सी?"

सोफ्यावर एक काका बसले होते. पांढरा बुशशर्ट, खिशाला दोन पेनं, मांडीवर कागदांचं पारदर्शक फोल्डर. त्यांचं काम माझ्याआधीच उरकलेलं होतं, हे मला मागाहून कळलं. ते एसीसाठी थांबले होते.

"नाही. कंबोडिया."

"कोण असतं तिथे तुमचं?"

"कोणी नाही."

"मुलगी?"

"मुलगी नाशिकला असते."

"मग बाळंतपण कोणाचंय?"

पन्नाशी उलटलेली बाई डॉलर घेते म्हणजे ती बाळंतपणालाच निघाली, याविषयी काकांच्या मनात तिळमात्र संशय नव्हता. मला राग आला, पण त्यांना तरी काय बोलणार? आमच्या वयाच्या कितीतरी बायकांनी अमेरिका पाहिली ती सुइणीच्या हुद्द्यावर, आणि तीसुद्धा स्वयंपाकघराच्या खिडकीतून. सहा महिने डिंकाचे लाडू, शेकशेगडी, डायपर. मधल्या एका शनिवारी नायगारा. परत आल्यावर शेजारणी विचारतात, काय काय पाहिलं? नायगारा पाहिला. ही बाई कोणाचंही काही न करता, कोणासाठी लोणचं न नेता, नुसती बघायला निघाली आहे, हे कुठल्याच रकान्यात बसत नाही. नवरा एकटा निघाला असता तर त्याला "वा, हौशी आहात" म्हणाले असते.

"देवळं बघायला चाललेय," मी म्हटलं.

"कुठल्या देवाची?"

इथे मी एका शब्दात उत्तर द्यायला हवं होतं. पण इतकी पुस्तकं वाचून ठेवली होती आणि घरात ऐकणारं कोणी नव्हतं. मी सांगायला लागले. अंगकोर वाट दुसऱ्या सूर्यवर्मन राजाने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात विष्णूचं देऊळ म्हणून बांधलं, पुढे ते बौद्धांचं झालं, आजही तिथे पूजा होते...

"म्हणजे नक्की कोणाचं? आपण पाया कोणाच्या पडायचं?"

"दोघांच्याही पडायचं."

काकांनी फोल्डर बाजूला ठेवलं. आता प्रकरण गंभीर झालं होतं.

"किती जुनं म्हणालात? बाराव्या शतकातलं? मग अंबरनाथला का जात नाही? ते त्याच्याहून जुनं आहे. लोकलने जाता येतं."

आणि संताप याचा, की माणसाचं बरोबर होतं. अंबरनाथचं शिवमंदिर शिलाहारांच्या काळातलं, १०६० सालचं. अंगकोर वाटचा पाया घातला गेला त्याच्या अर्धशतक आधी ते आपल्या वालधुनीच्या काठी उभं होतं. आज नदीची काय दशा आहे ते नाक असलेल्या प्रत्येकाला कळतं. मी काकांना म्हटलं, "तुम्ही शेवटचे कधी गेला होतात?" ते म्हणाले, "मी कशाला जाऊ? मी इथलाच आहे."

काउंटरवरचा मुलगा हसला. तो माझ्या नोटा बदलायच्या सोडून हे ऐकत होता.

मग काकांनी देवळाचं तोंड कुठे आहे ते विचारलं. मी पश्चिमेला म्हटलं. "तिथेच घोळ आहे," ते म्हणाले. "म्हणून राज्य बुडालं." देऊळ पश्चिमाभिमुख आहे म्हणूनच रोज पहाटे जगभरातली माणसं समोरच्या तळ्याकाठी कॅमेरे रोखून उभी असतात आणि सूर्य शिखरांच्या मागून वर येतो, आणि बांधून झाल्यावरही ते राज्य काही शतकं टिकलं, त्यातल्या सातव्या जयवर्मनने तर चहूबाजूंना हसरे चेहरे कोरलेलं बायोन देऊळ उभारलं, हे मी सांगितलं. काका म्हणाले, "बुडालं की नाही शेवटी?"

शेवटी बुडालं. याला उत्तर नव्हतं.

"तिकीट किती?"

"तीन दिवसांचा पास ६२ डॉलर."

"माणशी? आणि देव आपला?" त्यांनी मुलाकडे बघितलं. मुलाने मान हलवली. "विष्णू आपला, महाभारत आपलं, रामायण आपलं, आणि गल्ला त्यांचा?"

आता मी जे बोलले ते बोलायची काहीच गरज नव्हती. मी सांगितलं की आपल्या पुरातत्त्व सर्वेक्षणाने १९८६ ते १९९३ या काळात अंगकोर वाटच्या साफसफाईचं आणि डागडुजीचं काम केलं होतं, आणि वडाउंबरांच्या जातीच्या प्रचंड झाडांनी गिळलेल्या ता प्रोम देवळातही नंतर बरीच वर्षं आपली माणसं राबली आहेत. मला वाटलं, माणूस जरा सुखावेल.

"म्हणजे झाडलोट आपण करायची," काका सावकाश म्हणाले, "आणि तिकीटही आपणच काढायचं."

मी म्हटलं, वेरूळला आपण परदेशी माणसाकडून ६०० रुपये घेतो आणि स्वतः ४० देतो, ते? अंगकोरला तिथल्या लोकांना फुकट आहे, आपण पाहुणे. "ते वेगळं," काका म्हणाले. कसं वेगळं, हे त्यांनी सांगितलं नाही. माझ्या अनुभवात "ते वेगळं" म्हणणारा माणूस पुढे काहीच सांगत नाही, आणि तरी वाद तोच जिंकतो.

"ग्रुपने जा," हा पुढचा सल्ला. हा सल्ला मला ठाण्यात भेटलेल्या प्रत्येक सजीवाने दिला आहे. ग्रुपची एक पुस्तिका मी आणलीही होती. व्हिएतनाम-कंबोडिया एकत्र, गुळगुळीत कागद, मराठी बोलणारा टूर मॅनेजर, सकाळी पोहे, एका रात्री गाण्याच्या भेंड्या. अंगकोर वाट: अर्धा दिवस. चारी बाजूंना भिंतभर कोरीव काम असलेल्या देवळाला अर्धा दिवस, आणि त्याच पानावर दोन तास "शॉपिंगसाठी मोकळा वेळ". पश्चिमेच्या भिंतीवर कुरुक्षेत्र आहे, त्यात शरपंजरी पडलेले भीष्म आहेत. पूर्वेला ४९ मीटर लांबीचं समुद्रमंथन आहे, एकीकडे ९२ असुर, एकीकडे ८८ देव, मधे विष्णू. लहानपणी आजीच्या तोंडून ऐकलेली गोष्ट इतक्या लांबच्या माणसांनी दगडात सांगून ठेवली आहे आणि मला ती शेपटाकडच्या देवापासून फणीकडच्या असुरापर्यंत चालत चालत बघायची आहे. मागून शिट्टी वाजवणारा, रंगीत छत्री उंच धरलेला माणूस नको आहे. पण हे ग्रुपवाल्यांना सांगितलं की ते म्हणतात, "मॅडम, दुसऱ्या देवळानंतर सगळी सारखीच वाटतात लोकांना." वाटत असतील. मॉलही मला सारखेच वाटतात.

इतक्यात स्कूटर लावून नवरा आत आला. काकांनी त्याला जवळ बसवून घेतलं, आणि सगळा रोख तिकडे वळला.

"यांना सांगत होतो. तिकडे युद्ध चालू असतं ना?"

थायलंड आणि कंबोडियाच्या सीमेवर प्रेआ विहेयर नावाचं शिवाचं देऊळ आहे, उंच कड्यावर. १९६२ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ते कंबोडियाचं ठरवलं, तरी धुसफूस मिटलेली नाही, आणि २०२५ मध्ये त्या सीमेवर तोफा धडाडल्या. म्हणून मी तो कडा बेतातून काढून टाकला होता, आणि का काढला ते नवऱ्याला नीट समजावलंही होतं. त्याने काकांना विचारलं, "हो? युद्ध?"

"आणि नोकरीच्या नावाखाली नेऊन कोंडतात. कम्प्युटरवर बसवून लोकांना फसवायला लावतात. पेपरात आलं होतं."

हे खरंच आलं होतं. आपल्याकडची कितीतरी पोरं तिथे अडकली आणि वकिलातीला ती सोडवावी लागली. मी म्हटलं, "मी नोकरीला चालले नाहीये."

काकांनी मला पहिल्यांदाच नीट न्याहाळलं. चष्मा, पिकलेले केस, कापडी पिशवी.

"नाही, नाही," ते धीर देत म्हणाले. "तुम्हाला कोणी नेणार नाही. त्यांना तरुण लागतात, कम्प्युटर येणारे."

नवरा हसला. मी त्याला आठवण करून देते की विमानाची तिकिटं, व्हिसाचे फॉर्म आणि विमानतळासाठी भरायचं आगमनाचं ऑनलाइन कार्ड या सगळ्या गोष्टी ज्या कम्प्युटरवर झाल्या, त्याचा पासवर्डही त्याला माहीत नाही. पण दुकानात तो हसला. गुन्हेगारी टोळ्यांनीसुद्धा मला अपात्र ठरवावं, आणि तेही काकांच्या मार्फत!

तोवर मुलाने नोटा बदलून ठेवल्या होत्या. एकदाच्या मनासारख्या मिळाल्या होत्या: कोऱ्या, करकरीत, बिनशिक्क्याच्या. मी पर्स उघडेपर्यंत काका उठून काउंटरशी आले. "मोजून घेतल्यात का? थांबा. पस्तीस वर्षं कॅशला होतो बँकेत." मी हात पुढे करीपर्यंत गड्डी त्यांच्या हातात होती. अंगठा जिभेला लावून त्यांनी इतक्या सुरेख लयीत नोटा मोजल्या की क्षणभर मीही बघत राहिले. मग खिशातलं पेन निघालं. वरच्या नोटेवर, जॅक्सनसाहेबांच्या चित्राशेजारच्या पांढऱ्या जागेत, त्यांनी "२५" लिहिलं, खाली रेघ ओढली आणि आपली छोटी सही ठोकली.

कोणीच काही बोललं नाही.

"ही बदलून द्या," मी मुलाला म्हटलं.

"लिहिलेली नोट आम्ही घेत नाही मॅडम."

"लिहिली आत्ता, तुमच्यासमोर!"

"आमच्या स्टाफने नाही लिहिली."

काका म्हणाले, "चालते. आमच्या न्यू जर्सीत चालते."

"मग तुम्ही घ्या," मी म्हटलं, "आणि मला दुसरी द्या."

त्यावर काकांनी जो चेहरा केला तो मला विसरता येत नाही. मी जणू भिशीतले पैसे मागितले होते. "माझे डॉलर पॅक झालेत हो," ते म्हणाले. आणि नवरा, माझा नवरा, म्हणाला, "जाऊ दे ना. एका नोटेचं काय एवढं." एका नोटेचे दीड हजारांहून जास्त रुपये होतात. कोथिंबिरीच्या जुडीला पाच रुपये जास्त गेले तर हाच माणूस बाजार बदलतो.

जाताना दोघांनी नंबर घेतले.

तेव्हापासून सकाळी सकाळी काकांचे संदेश येतात आणि नवरा चहा घेता घेता मोठ्याने वाचून दाखवतो. "अगं, ते देऊळ चारशे एकरांत आहे म्हणे." "अगं, खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात, नाहीतर वरच्या मजल्यावर सोडत नाहीत." "अगं, त्यांच्या झेंड्यावरसुद्धा तेच देऊळ आहे, तुला माहीत होतं?" हे सगळं मी त्याला सांगितलेलं आहे. झेंडा तर कागदावर काढून दाखवला होता. तेव्हा तो "हं" म्हणाला होता आणि रिमोट शोधत होता.

एका दिवसाचा पास ३७ डॉलरचा, तीन दिवसांचा ६२, सात दिवसांचा ७२. बेरीज-वजाबाकी येणाऱ्या कोणालाही दिसेल की दहा डॉलर जास्त टाकले की चार दिवस जास्त मिळतात. मी हे महिनाभर सांगत होते आणि नवरा "सात दिवस नुसती देवळं?" म्हणून कपाळाला हात लावत होता. काल काकांनी तेच गणित पाठवलं. आता नवरा म्हणतो, सातच घेऊ, मूर्ख आहेत का तीन घेणारे.

आणि आता काकांनाही यायचं आहे. पुढच्या आठवड्यात ते न्यू जर्सीला जातायत, डिसेंबरअखेर परत येतील, त्यामुळे आपला नोव्हेंबर जानेवारीवर ढकलता येईल का, असं नवऱ्याने काल रात्री जेवताना हळूच विचारलं. जानेवारीत तिथे गर्दी असते, हॉटेलं महाग असतात, आणि आपली तिकिटं रद्द केली तर पैसे परत मिळत नाहीत, हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, बरं, काकांना विचारून बघतो.