पोर्चमधल्या बारा गोण्या

सकाळी आमच्या औरंगाबादच्या (आता छत्रपती संभाजीनगर) एका जुन्या हॉटेलवरून जाताना पोर्चमध्ये सिमेंटच्या बारा गोण्या रचलेल्या दिसल्या. मोजल्याच. शेजारी दोन पोरं छन्नी-हातोडीने खांबांचा चुन्याचा गिलावा पाडत होती. चांगला, घट्ट बसलेला गिलावा. खालच्या दोनेक फुटांत ओल होती तेवढी सोडली, तर वर टिचकी मारली की भरीव आवाज येत होता. आणि तो पाडून तिथे सिमेंट! हॉटेलचं नाव लिहीत नाही, उगाच कुणाची बदनामी नको.

मिस्त्रीला विचारलं तर म्हणाला, "साहेब, चुना कोण मुरवत बसतंय आता? आठ दिवसांत रंग मारून द्यायचाय."

मिस्त्रीवर राग नाही. त्याला जे सांगितलं ते तो करतोय. राग आहे तो "एकदाचं पक्कं करून टाका" म्हणणाऱ्यांवर.

अरे, पक्कं म्हणजे काय? या भिंती दीड-दोन फूट जाडीच्या, खाली काळा दगड, वर वीट, सगळं चुन्यात. काळा दगड पाणी फारसं पीत नाही, पण दगडांमधल्या दर्जा, म्हणजे चुन्याचे सांधे, पितात आणि जमिनीतली ओल त्या वाटेने वर चढते. चुन्याचा गिलावा ती ओल बाहेर सोडतो, उन्हाळ्यात भिंत सुकते. एवढा साधा हिशोब आहे. एक भाग सिमेंट, चार भाग वाळूचा थर दिला की बाहेरची वाट बंद. मग ओल दोन फुटांवर थांबत नाही, चार-पाच फुटांपर्यंत चढते. सोबत क्षार नेते, ते थरामागे साठून फुगतात, भिंतीला लोणा लागतो, म्हणजे पांढरा खार फुटतो. दोन-तीन पावसाळ्यांत सिमेंटचे पापुद्रे सुटतात आणि जाताना विटेचं तोंडही घेऊन जातात. मग लोक म्हणतात, "बघा, जुनं बांधकाम, टिकत नाही."

नाही टिकत कसं? टिकलं होतं. तुम्ही गोण्या आणेपर्यंत टिकलं होतं.

गंमत बघा. ज्या अजिंठ्यासाठी पाहुणे इथे उतरायला लागले, तिथेही हेच झालं. निजाम सरकारने 1920च्या सुमारास चित्रं वाचवायला इटलीहून तज्ज्ञ आणले. त्यांनी सुटणारे पापुद्रे जागेवर बसवले, ते काम चांगलंच होतं. पण वर लाखेचं रोगण चढवलं. पुढे ते पिवळं पडलं, काळवंडलं, आणि ते उतरवायचं किचकट काम नंतरच्या रसायनतज्ज्ञांच्या गळ्यात पडलं. हेतू वाईट नव्हता, थर चुकीचा होता. शंभर वर्षं झाली, आपण अजून तिथेच.

या शहराला मोठ्या हॉटेलांची सवय मुळात रेल्वेने लावली. 1900च्या सुमारास मनमाडहून हैदराबादकडे मीटरगेज सुरू झाली. मुंबईचा पाहुणा मनमाडला गाडी बदलून तेव्हाच्या औरंगाबादला उतरायचा. वेरूळ तीस किलोमीटर, अजिंठा शंभराच्या आसपास. तेव्हाच्या रस्त्यांनी जाऊन यायचं म्हणजे मुक्काम आलाच. म्हणून निजामाच्या रेल्वेने इथे स्वतःचं हॉटेल चालवलं. उंच छत, खोल व्हरांडे, सागवानी तुळया ही त्या काळच्या अशा इमारतींची ठेवण. त्यात नुसती श्रीमंती नव्हती. मे महिन्यात पंख्याशिवाय झोपता यावं म्हणून चौदा फुटांची छतं लागायची. आता त्याच छताखाली पीओपीचं खोटं छत टांगून एसी लावलाय, आणि वर तुळईला वाळवी लागली तरी कुणाला दिसत नाही.

तुळईचंच घ्या. ती मधे मोडत नाही, टोकाला कुजते. भिंतीत सहा ते नऊ इंच घुसलेलं जे टोक असतं, तिथे. गच्चीची पन्हळ पिंपळाच्या मुळाने तुंबली की पाणी भिंतीत उतरतं, टोक ओलं राहतं, छत बोटभर खाली बसतं. यावर उपाय काय करतात? गच्चीवर चार इंच काँक्रीट ओततात! वीस बाय पंधरा फुटांच्या खोलीवर हे वजन होतं साडेसहा टनांच्या वर. त्यावर पाच हजार लिटरची काळी टाकी, म्हणजे आणखी पाच टन. कुजक्या टोकावर. मग भेग पडली की ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी.

आणि ऑडिटवाले येतात रिबाउंड हॅमर घेऊन, म्हणजे ठोका मारून मजबुतीचा आकडा दाखवणारं यंत्र. अहो, ते यंत्र काँक्रीटसाठी आहे! चुन्यातल्या विटेवर ते मारून आलेल्या आकड्याला काय अर्थ? इथे तुळईच्या टोकात टोचा घालून बघायचा असतो, किती आत जातो ते. भेगेवर काचेची पट्टी प्लास्टरने चिकटवून तारीख लिहायची, वर्षभर थांबायचं. काच तडकली तर भेग चालती आहे, नाही तडकली तर जुनी. पण वर्षभर कोण थांबतो? "धोकादायक" लिहायला एक दुपार पुरते.

बरं, मालकाची बाजूही आहे, मान्य. बाथरूम जुने, लिफ्ट नाही, आगीचे नियम कडक, आणि पाहुणा ऑक्टोबर ते मार्च. बाकी सहा महिने लग्नाच्या हॉलवर काढायचे. परवडत नाही हे खरंच असेल. पण न परवडणं वेगळं आणि आपल्याच हाताने भिंत मारणं वेगळं.

नुसती उभी ठेवलेली इमारतही वाचत नाही, हेही लिहितो. मुंबईत काळा घोड्याजवळचं वॉटसन हॉटेल घ्या. 1860च्या दशकातलं, ओतीव लोखंडाचे भाग इंग्लंडहून आणून जोडलेलं. ल्युमिएर बंधूंच्या चित्रपटांचा भारतातला पहिला खेळ 7 जुलै 1896ला तिथेच झाला. पुढे हॉटेल बंद, खोल्यांचे गाळे, माणशी एक पार्टिशन आणि दुरुस्ती कुणाचीच नाही. 2005मध्ये त्याचा काही भाग कोसळला. उलट 1903चं ताज आजही पाहुणे घेतंय. कमावतं म्हणून त्याच्या पन्हळी साफ होतात. आपल्या हॉटेलचंही तेच. त्याचं संग्रहालय करू नका, मॉल तर नकोच. खोल्या चालू ठेवा.

दुपारपासून डोकं जरा शांत झालंय, म्हणून कामाचं लिहितो. आधी गच्ची. पन्हळी मोकळ्या, पिंपळ मुळासकट काढा. नुसता छाटला तर दुप्पट फुटतो. टाक्या खाली उतरवा. मग भिंतीभोवतीच्या फरशीचा उतार बाहेरच्या बाजूला करा, आज तो आत आहे. त्यानंतर खालचा ओला गिलावा तेवढाच काढून एक उन्हाळा भिंत उघडी ठेवा. दिसायला वाईट दिसेल, दिसू द्या.

कळीचा चुना खड्ड्यात विझवून, वर पाणी उभं ठेवून निदान महिनाभर मुरवायचा, तीन महिने मिळाले तर सोनं. कच्चा राहिलेला खडा भिंतीत गेल्यावर फुगतो आणि गिलाव्याला फोड येतात. मग लोक चुन्याला शिव्या घालतात. एक भाग चुना, दीड भाग वाळू, अर्धा भाग सुर्खी, म्हणजे विटेची पूड. एका थराला अर्ध्या इंचापेक्षा जाड नाही. वर ओलं गोणपाट, दहा-बारा दिवस. हे काम दिवाळीनंतर करा, एप्रिल-मेच्या उन्हात पाणी उडून जातं आणि थराची नुसती भुकटी होते. तुळईचं कुजलं तेवढं टोक कापून नवीन सागाचा जोड बोल्टने द्या, आधी खाली टेका लावून. आणि नवीन टोकाभोवती बोटभर हवा राहू द्या, सिमेंटने लिंपू नका.

मिस्त्रीला यातलं निम्मं सकाळी सांगितलं. ऐकून घेतलं त्याने. त्याचे वडील चुन्याच्या घाणीवर, म्हणजे चुना दळायच्या घाण्यावर, होते म्हणे. "मालक बोलले तर करू की," म्हणाला. संध्याकाळी परत पोर्च बघितला. दोन खांब लिंपून झालेत, नऊ गोण्या शिल्लक आहेत. त्या मागच्या बाथरूमच्या फरशीखाली वापरा. तिथे सिमेंटच लागतं.