कुठे हसायचे, हे आम्हांला कळते

दूरचित्रवाणीवरील विनोदी मालिकेत दाराआड उभे राहून अर्धेच बोलणे ऐकणारे पात्र आले, की उरलेला सगळा भाग त्या गैरसमजावरच रेटला जाणार, हे आमच्या सांगलीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. एका वाक्यात मिटणारा घोळ कोणीही मिटवायचा नाही, असा जणू दंडकच आहे. तेही एक वेळ चालवून घेऊ. परंतु प्रत्येक वाक्यामागून येणारा तो आयता, ध्वनिमुद्रित हशा मात्र डोके उठवतो. अमेरिकेतील ध्वनितंत्रज्ञ चार्ल्स डग्लस यांनी १९५० च्या दशकात बटणे दाबून हवा तसा हशा काढणारे यंत्र बनवले, तेव्हा प्रेक्षकांविना चित्रित होणाऱ्या कार्यक्रमांची ती गरज असेलही. पण विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये जिथे मराठी नाटक उभे केले, त्या गावाला कुठे हसावे हे यंत्राने का शिकवावे? त्यातच आमच्या भागातला म्हणून जो कोणी दाखवतात, तो हटकून नोकर किंवा पैलवान असतो आणि त्याने नुसते ‘जेवलासा का?’ विचारले तरी मागून हशा सोडतात. यात हसण्यासारखे काय आहे? आमच्याकडे डॉक्टरसुद्धा असेच विचारतात.